राग होता, मग तो मतपेटीत का दिसला नाही? महामारी, रिकामा खिसा आणि बिहारची २०२० ची निवडणूक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना एक-दोन आकडे घाईत निसटले होते, ते इथे नीट टाकलेत. बाकी भाषा तीच आहे, जशी बोललो तशी.

सुरुवात एका हरलेल्या पैजेपासून करतो. १० नोव्हेंबर २०२०. बिहार विधानसभेचा निकाल. मी पुण्यात, फ्लॅटवर, एका स्क्रीनवर ऑफिसचं काम आणि दुसऱ्यावर निवडणूक आयोगाचं पान. दर पाच मिनिटांनी रिफ्रेश. रूममेटशी मिसळीची पैज लागली होती. माझं म्हणणं साधं होतं: सत्ताधारी आपटणार, आणि जोरात आपटणार. बहुतेक एक्झिट पोलही महागठबंधनाच्या बाजूने झुकले होते, त्यामुळे आत्मविश्वास भलताच वाढलेला.

माझं लॉजिक असं होतं. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा आणि चार तासांत अख्खा देश बंद. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरला. सीएमआयईच्या पाहणीत एप्रिलमध्ये बिहारमधली बेरोजगारी ४६ टक्क्यांच्या वर. लाखो लोक पायी, ट्रकमध्ये, सायकलवर घरी गेलेले. एवढं सगळं भोगलेला माणूस सहा-सात महिन्यांनी मतदानाला जातो तेव्हा काय करेल? इनपुट स्पष्ट, आउटपुट स्पष्ट. माझा स्वतःचा पगार तेव्हा तीस टक्के कापला होता आणि मी इतका चिडलेलो होतो, तर ज्यांचा पगारच थांबला त्यांचं काय?

निकाल लागायला मध्यरात्र उलटली. करोनामुळे एका बूथवर जास्तीत जास्त हजार मतदार असा नियम होता, त्यामुळे बूथांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती आणि मोजायची यंत्रंही तेवढीच वाढली होती. शेवटी २४३ पैकी एनडीए १२५, महागठबंधन ११०. सत्ता टिकली. मिसळ मी दिली.

पण पैज हरलो म्हणून हा भाग केलेला नाही. मला खरा धक्का बसला तो महाराजांच्या फोनमुळे.

महाराज म्हणजे आमच्या पीजीच्या मेसमध्ये स्वयंपाक करायचे ते. मधुबनी जिल्ह्यातले. नाव घेत नाही, आम्ही सगळे 'महाराज'च म्हणायचो. लॉकडाऊन लागला, पोरं आपापल्या गावी पळाली, मेस बंद झाली. महाराज आणि त्यांचे दोन हेल्पर मेसच्या मागच्या खोलीत अडकले. पीजीमध्ये आम्ही चौघं उरलो होतो. मालकाने भाडं माफ केलं, पण पगार कुठून देणार? मे महिन्यात श्रमिक रेल्वेसाठी त्यांचे फॉर्म मीच भरले. आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट, मग पोलीस स्टेशनची यादी, मग फोनची वाट. आठ दिवसांनी रात्री अकराला फोन आला: सकाळी निघायचंय. जाताना त्यांनी मेसमधला उरलेला अर्धा डबा साखर माझ्या हातात ठेवली. का, ते मला आजही कळलेलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. "महाराज, व्होट किसको दिया?" ते हसले. "हम कहाँ दिए भैया, हम तो चाकण में हैं." सप्टेंबरमध्येच परतले होते. ठेकेदाराने तिकीट काढून दिलं, ऑनलाइन ऑर्डरच्या गोदामात पॅकिंगचं काम. मत दिलं ते गावात, बायकोने. कुणाला? "तीर को दी होगी." म्हणजे नितीशकुमारांच्या जेडीयूला.

मी विचारलं, अहो, तुमचे एवढे हाल झाले, मग असं कसं? ते जे म्हणाले ते जवळपास शब्दशः सांगतो: हाल हमरा हुआ भैया, उसको तो राशन मिल रहा था.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आता ते आकड्यांत उलगडून बघू.

अन्नसुरक्षा कायद्याखाली साध्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळायचं, दोन-तीन रुपये किलोने. एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत त्यावर आणखी माणशी ५ किलो फुकट, शिवाय कुटुंबाला किलोभर डाळ. महाराजांच्या घरी पाच माणसं. म्हणजे २५ किलो नेहमीचं आणि २५ किलो जास्तीचं. जनधन खातं बायकोच्या नावावर, त्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये. रेशनकार्डधारकांना राज्य सरकारचे हजार रुपये वेगळे. ३० जूनला पंतप्रधानांनी मोफत धान्य नोव्हेंबरपर्यंत वाढवलं आणि भाषणात दिवाळीबरोबर छठपूजेचं नाव घेतलं. छठ हा कुठल्या राज्याचा सण आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) रेशनकार्ड गावचं, आणि महाराज पुण्यात. त्या कार्डावर पुण्यात त्यांना मूठभर तांदूळ मिळत नव्हता. एका देशात कुठेही एकच कार्ड चालावं ही सोय तेव्हा कुठे सुरू होत होती, आणि लॉकडाऊनमध्ये मेसच्या मागच्या खोलीपर्यंत ती पोहोचली नव्हती. म्हणजे एकाच कुटुंबात, एकाच महिन्यात, नवऱ्याला सरकार दिसलं ते पोलीस स्टेशनच्या रांगेत, आणि बायकोला दिसलं ते तांदळाच्या गोणीत. मत द्यायला बूथवर कोण होतं? गोणीवाली.

माझ्या एक्सेलमध्ये 'कुटुंब' हा एकच कॉलम होता. चूक तिथे झाली.

याला सॅम्पलिंगची भानगड म्हणता येईल. ज्यांना सगळ्यात जास्त चटका बसला, त्यातले पुष्कळ जण मतदानाच्या दिवशी यादीतल्या पत्त्यावर नव्हतेच. कामगार मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे साधारण १५ लाख स्थलांतरित मजूर बिहारला परतले होते. पण गावात काम नव्हतं. जूनमध्ये गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू झालं, बिहारच्याच खगडिया जिल्ह्यातल्या तेलिहार गावातून, १२५ दिवसांसाठी, राज्याच्या ३८ पैकी ३२ जिल्ह्यांत. पण ज्याला शहरात महिन्याला चौदा-पंधरा हजार मिळायचे, तो खड्डे खणायच्या मजुरीवर किती दिवस काढणार? ठेकेदारांचे फोन येऊ लागले तशी माणसं पुन्हा गाडीत बसली.

इथे मला माझाच मुद्दा थोडा दुरुस्त करायचाय, कारण पहिल्या ड्राफ्टमध्ये मी तो चुकीचा मांडला होता. मी लिहिणार होतो की, पुरुष गेले आणि म्हणून बायकांचं मतदान पुरुषांपेक्षा जास्त झालं. २०२० मध्ये बायकांचं मतदान साधारण पाच टक्क्यांनी जास्त होतं, हे खरं. पण २०१५ मध्ये हाच फरक सात टक्क्यांचा होता! म्हणजे फरक वाढला नाही, उलट कमी झाला. याचा अर्थ, परतलेल्यांपैकी काही पुरुष गावातच राहिले आणि त्यांनी मतही दिलं. ते मत कुणाला गेलं असेल याचा अंदाज तेजस्वी यादवांच्या सभा आठवल्या की येतो. पहिल्याच कॅबिनेट बैठकीत दहा लाख सरकारी नोकऱ्यांवर सही करणार, एवढ्या एका वाक्यावर त्यांचा प्रचार पेटला. नितीशकुमारांनी विचारलं, पैसा कुठून आणणार? आणि मग भाजपच्या जाहीरनाम्यात १९ लाख रोजगार आले, वर मोफत लस. विरोधकाचा आकडा हास्यास्पद वाटत असता, तर त्याहून मोठा आकडा छापायची गरज पडली नसती.

टप्प्यांप्रमाणे पाहिलं तर चित्र आणखी साफ होतं. मतदान तीन टप्प्यांत झालं: २८ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर, ७ नोव्हेंबर. पहिल्या टप्प्यात पुरुषांचं मतदान बायकांपेक्षा जास्त होतं आणि तिथे महागठबंधन स्पष्ट पुढे राहिलं. तिसऱ्यात, म्हणजे मिथिला आणि सीमांचलच्या पट्ट्यात, बायका पुरुषांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी पुढे, आणि तिथे एनडीएने मैदान मारलं. आता लगेच 'बघा, सिद्ध झालं' म्हणू नका. मिथिलेत एनडीए आधीपासून भक्कम आहे, आणि सीमांचलमध्ये एमआयएमने पाच जागा घेतल्या. को-रिलेशन आणि कॉजेशनचं भांडण इथेही आहेच. शिवाय बायकांचा नितीशकुमारांकडे कल काही करोनात तयार झालेला नाही. शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली, पंचायतीत निम्म्या जागा राखीव, जीविकाचे बचतगट, २०१६ ची दारूबंदी... हे पंधरा वर्षांचं खातं आहे. तांदूळ त्या खात्यावर जमा झाला.

दोन्ही आघाड्यांच्या मतांत राज्यभर मिळून फरक किती होता माहितीये? ०.०३ टक्के. हिलसा मतदारसंघात जेडीयूचा उमेदवार बारा मतांनी जिंकला. बारा! म्हणजे मी 'राग मतपेटीत दिसला नाही' असं शीर्षक दिलंय खरं, पण तो दिसलाच नाही असं नाही. एका मोठ्या मेसमध्ये जेवणारी माणसं इकडची तिकडे झाली असती तर हिलशाची जागा फिरली असती.

आणि तो राग पडला कुणावर, हेही बघण्यासारखं आहे. जेडीयू २०१५ च्या ७१ जागांवरून ४३ वर आला. भाजप मात्र ५३ वरून ७४ वर. दोघं एकाच आघाडीत, एकाच सरकारात. देश बंद करायचा निर्णय केंद्राचा होता, म्हणजे सरळ हिशेबाने फटका भाजपला बसायला हवा. झालं उलटं. याचं एक कारण म्हणजे चिराग पासवान यांच्या लोजपाने ठरवून जेडीयूविरुद्ध उमेदवार उभे केले, ते मान्य. पण दुसरं कारण जमिनीवरचं आहे. लोकांच्या मनात जास्तीचं धान्य 'मोदींचं' होतं आणि क्वारंटाइन सेंटर 'नितीशचं'. कोटाला अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणायला एप्रिलमध्ये नितीशकुमारांनी विरोध केला होता, लॉकडाऊनचा नियम मोडतो म्हणून. नियमाने ते बरोबर असतीलही. पण ज्याचं पोरगं कोटाला आहे त्याला नियम सांगून बघा. गावाच्या शाळेत २१ दिवस चटईवर काढलेल्या माणसाला पंखा नव्हता हे आठवतं, आणि तो पंखा पाटण्याने द्यायला हवा होता असं त्याला वाटतं. आपल्याकडे सर्व्हिस पडली की ज्या टीमचं नाव एरर मेसेजमध्ये दिसतं तिला शिव्या बसतात, बग दुसऱ्याच टीमचा असला तरी. तसंच.

आता थोडं पुस्तकी. पण थोडंच, प्रॉमिस.

राज्यशास्त्रात यावर बरंच काम झालेलं आहे. ख्रिस्तोफर एकन आणि लॅरी बार्टेल्स या दोन अमेरिकन अभ्यासकांचं म्हणणं आहे की, मतदार आंधळेपणाने शिक्षा करतो. सरकारच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठीही. त्यांचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९१६ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांनी माणसं मारली आणि त्या भागात अध्यक्ष विल्सन यांची मतं घटली. (यावर नंतर इतर अभ्यासकांनी आकडे पुन्हा तपासून बरीच टीका केली, तेव्हा पार्टीत सांगताना जपून.) पण याच दोघांना १९१८ च्या फ्लूचा, ज्यात अमेरिकेत लाखो माणसं गेली, निवडणुकीवर तसा परिणाम सापडला नाही. माणसं मेली, पण लोकांनी ते सरकारच्या खात्यावर लिहिलं नाही. कारण तेव्हा साथ म्हणजे दैव, असंच बहुतेकांना वाटत होतं. म्हणजे नुसतं दुःख पुरेसं नाही. त्या दुःखाला कुणाचं तरी नाव चिकटावं लागतं.

भारताबद्दल शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर यांचा २०१२ चा अभ्यास आहे. पाऊस बिघडला की सत्ताधारी पक्षाची मतं घटतात. पण सरकारने झटपट मदत पोहोचवली तर तो फटका कमी होतो, पूर्ण भरून मात्र निघत नाही. याच हीलींनी नील मल्होत्रांबरोबर अमेरिकेवर काम केलं, त्यातला निष्कर्ष मला जास्त टोचतो: आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीसाठी मतदार बक्षीस देतो, आपत्ती येऊ नये म्हणून आधी केलेल्या खर्चासाठी देत नाही. त्यांच्या हिशेबाने आधी खर्च केलेला एक डॉलर पुढचं पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. तरीही.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. रात्री तीनला प्रॉडक्शन वाचवणाऱ्याचं कौतुक होतं. ज्याने सहा महिने आधी टेस्ट लिहिल्या म्हणून प्रॉडक्शन पडलंच नाही, त्याला कुणी ओळखतही नाही.

हे समजल्यावर उत्तर प्रदेशचा २०२२ चा निकाल तितका कोड्यात टाकत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या, गंगेत प्रेतं वाहताना अख्ख्या जगाने पाहिली. वर्षही झालं नाही तोच निवडणूक आली, आणि भाजपला ४०३ पैकी २५५ जागा मिळाल्या. जागा आधीपेक्षा कमी, पण मतांची टक्केवारी वाढली, ३९ च्या पुढून ४१ च्या पुढे. मधल्या काळात काय झालं? डिसेंबर २०२१ पासून राज्य सरकारने रेशनमध्ये तेल, मीठ आणि हरभरा फुकट द्यायला सुरुवात केली, केंद्राच्या धान्याच्या वर. पाकिटांवर फोटो छापलेले. प्रचारात 'नमक' हा शब्द फिरू लागला, आणि खाल्ल्या मिठाला जागणं हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. 'लाभार्थी' हा सरकारी फॉर्मवरचा शब्द राजकारणात रूढ झाला तो याच काळात.

माझं मत विचाराल तर, तांदूळ घेऊन मत देणाऱ्या बाईला 'विकली गेली' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर हे फॉरवर्ड आपलेच काका-मामा पाठवतात, आणि त्यातल्या कित्येकांचा पगार लॉकडाऊनमध्ये एक दिवसही थांबला नव्हता. तिला सरकारकडून आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट ठरलेल्या तारखेला, मोजून मिळाली असेल. ती पुन्हा मिळावी म्हणून मत देणं हा हिशेब आहे, आणि तो माझ्या एक्सेलपेक्षा बरा होता. पण त्याच वेळी हेही खरं की, सरकारांना एक गोष्ट पक्की कळली: दवाखाना बांधण्यापेक्षा गोणी पोहोचवणं निवडणुकीच्या तारखेला जास्त जवळ पडतं. साथीपुरतं म्हणून सुरू झालेलं मोफत धान्य डिसेंबर २०२२ पर्यंत वाढत गेलं. मग जास्तीचे पाच किलो थांबले, पण मूळ कायद्यातलं धान्यच फुकट झालं, आणि जानेवारी २०२४ पासून ते पाच वर्षांसाठी पक्कं केलं गेलं, ८१ कोटी लोकांसाठी. आपल्याकडची २०२४ ची लाडकी बहीण योजना साथीतून आलेली नाही, पण बायकोच्या खात्यात थेट पैसे, ही वाट कुठे रुंद झाली ते दिसतंच.

राहिला महाराजांचा प्रश्न. म्हणजे जो भोगतो तोच मतदानाला नसतो, त्याचं काय?

कायद्याने ते पुण्यात नाव नोंदवू शकतात. फॉर्म सहा भरायचा, इथे नेहमी राहतो याचा पुरावा द्यायचा. मी हे त्यांना दोनदा सुचवलं. पहिल्यांदा ते म्हणाले, खोली मालकाच्या नावावर, लाइट बिल मालकाच्या नावावर, पुरावा काय देऊ? दुसऱ्यांदा म्हणाले, इथे मत देऊन काय करू, शेत तिथे, पोरं तिथे, रस्ता तिथला हवाय. माझं स्वतःचं नाव अजून लातूरच्या यादीत आहे, त्यामुळे मी फार उपदेश केला नाही. फरक एवढाच, माझं लातूर एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर आहे.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट व्होटिंग मशीनचा आराखडा मांडला. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची मतपत्रिका चालेल, म्हणजे पुण्यात बसून मधुबनीला मत. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावून प्रात्यक्षिक ठरलं, पण विरोधी पक्षांनी शंकांची यादी पुढे केली. 'स्थलांतरित' म्हणायचं कुणाला, दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कशी लावायची, पोलिंग एजंट कुठून आणायचे? शंका खोट्या नाहीत. गाडी तिथेच अडली.

मग २०२५ चा जुलै. बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष तपासणी लागली आणि महाराजांचा फोन, घाबरलेला. २५ तारखेच्या आत फॉर्म गेला नाही तर नाव उडणार. पाच वर्षांनी पुन्हा मी त्यांचा फॉर्म भरला, या वेळी मोबाइलवर, मेसच्या ओट्यावर बसून, पिठाच्या हातांनी त्यांनी ओटीपी सांगितला. १ ऑगस्टला कच्ची यादी आली तेव्हा राज्यात सुमारे ६५ लाख नावं कमी झाली होती. त्यांचं राहिलं होतं.

छठ २८ ऑक्टोबरला संपली. मधुबनीचं मतदान ११ नोव्हेंबरला. महाराजांना मालकाने सुट्टी दिली होती दहा दिवसांची. ३ तारखेला ते मेसमध्ये हजर. येताना ठेकुआ आणला होता, तो खाता खाता मी तारखांचा हिशेब केला आणि गप्प बसलो. ११ तारखेला दुपारी त्यांच्या फोनवर बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तिने बोटावरची शाई कॅमेऱ्यासमोर धरली, आणि महाराजांनी पोळी उलटायची थांबवून ती बघितली.

पुढच्या भागात प्रश्नोत्तरं घेऊ. तुमचं नाव कुठल्या यादीत आहे आणि तुम्ही राहता कुठे, एवढं व्हॉइस नोटमध्ये सांगा.